रुमैनाचं तिसरं दार

९ फेब्रुवारी, मत्रह

आज अठरा दिवसांनी पॅलेट काढलं. रंग पिळले, जवसाच्या तेलाची बाटली उघडली, वीतभर लांबीची कोरी फळी समोर उभी केली आणि खिडकीतून बंदराकडे बघत बसले. होड्या आल्या, गेल्या. दुपारी रंग तसेच्या तसे खरडून काढले.

गॅलरीवाल्या सिहामला प्रदर्शनासाठी चाळीस चित्रं हवीत. एकोणचाळीस आहेत, सगळी जुनी. निदान एक तरी नवं द्या, म्हणते. नावही तिनेच ठरवलंय : 'जसं होतं तसं'. डोंगरातली गावं, पाणी भरणाऱ्या बायका, डाळिंबांचे मळे, ओझ्याखाली झोप काढणारी गाढवं. तिशीत असताना पेटी पाठीला लावून मी गावोगाव हिंडले, तेव्हाचं हे सगळं. त्यातली बरीच गावं आता ओस पडली. "रय्याताईंच्या फळ्या म्हणजे पुरावा आहे," असं सिहाम आल्यागेल्याला सांगते. मला ते ऐकायला आवडतं, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी फोन आला. अनोळखी आवाज.

"मावशी, मी झाहिर. रुमैना गावच्या मुझ्नाचा मुलगा. तुम्ही आमच्याकडे राहिला होतात तेव्हा मी तुमची निळ्या रंगाची नळी खाल्ली होती."

"अरे, तू जिवंत आहेस?"

"आई म्हणते, आठवडाभर निळा होतो. आतूनबाहेरून." हसला, मग गंभीर झाला. पुराची हकिगत त्याच्याकडून कळली. गेल्या हिवाळ्यात डोंगरावरून लोंढा आला आणि गावाचा पाट तुतीच्या झाडापासून खाली वाहून गेला. आता तो नव्याने बांधताहेत. जुन्या पाटाला तुतीखाली तीन दारं होती, असं झाहिर म्हणतो. तिसऱ्या दारातून पाणी थेट त्याच्या आईच्या, कड्याखालच्या पायऱ्यांच्या शेतावर जायचं. त्याचा काका खलफान म्हणतो, दारं दोनच होती, तिसरं कधीच नव्हतं. मुझ्नाला पाणी त्याच्या मळ्यातून उरेल तेवढंच मिळायचं. पाणी वाटणारा म्हातारा पाटकरी तीन वर्षांपूर्वी वारला आणि त्याची वही पुरात लगदा झाली.

"पण तुमच्या चित्रात तिसरं दार आहे, मावशी. तुम्ही या. गावासमोर एवढंच सांगा, की जे दिसलं ते काढलं."

येते म्हटलं, ओला दगडसुद्धा आठवतो म्हटलं, आणि फोन ठेवून पलंगावर आडवी झाले. ते चित्र डोक्यावरच टांगलेलं आहे. कधीच विकलं नाही मी ते. तुतीचं झाड, त्याखाली पाटाची कड, कडेला हाताएवढी तीन तोंडं. दोन दगड-चिंध्यांनी बुजवलेली, तिसरं उघडं. त्यातून पाण्याची धार पडतेय आणि तिच्यावर उन्हाची एक तिरीप. अख्ख्या फळीवर तेवढा एकच थेंब शुद्ध पांढरा आहे. चोवीस वर्षं झोपण्याआधी मी त्या थेंबाकडे बघतेय.

होतंच ते दार. ओला दगडसुद्धा आठवतोय मला.


११ फेब्रुवारी

सिहाम : "ताई, खेड्यातल्या भांडणात कशाला पडता?"

मी : "तूच म्हणतेस ना पुरावा आहे. मग पुराव्याला बोलावलंय, तर जायला नको?"

फळी जुन्या शालीत गुंडाळली. रंगांची पेटीही घेतली. निघताना तिचा पट्टा खांद्यावर बसला तो नेमका जुन्या जागी, जणू मधली वर्षं कोणीतरी खरडून काढली.


१३ फेब्रुवारी, रुमैना

झाहिरची गाडी शेवटच्या वळणावरून उतरली आणि गाव समोर आलं, तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं ते असं : छान आहे, पण झाडं जरा जास्त हिरवी झालीत. स्वतःचंच हसू आलं. गावाला मी माझ्या फळ्यांच्या मापाने मोजत होते. मशीद हवी होती त्याहून डावीकडे निघाली. कडा जवळ निघाला. सगळं ओळखीचं, पण कोणीतरी माझ्याच आठवणीची घाईत नक्कल केल्यासारखं.

मुझ्ना दारात उभी होती. साठीला आलीय. कमरेत वाकली, तरी डोळे तेच. मला मिठी मारली, मग हातभर दूर धरून बघितलं.

"वाळलीस गं. मत्रहमध्ये मासे संपले का?"

"आणि तू?"

"मी विधवा झाले. त्याला आता चार वर्षं झाली. ये, आधी खा."

मसऊद गेल्याचं तिने असं सांगितलं, जसं कोणी बकरी विकल्याचं सांगावं. मग खायला घातलं : तव्यावरची पातळ भाकरी, मध, ताक, वाळवलेला मासा भाजून लिंबाच्या भुकटीबरोबर, पुन्हा भाकरी, खजूर, कहवा, पुन्हा खजूर. पाटाचं नाव नाही. चित्राचं नाव नाही. मीच शालीची गाठ सोडायला गेले, तर म्हणाली, "राहू दे. दमली असशील." तीनदा म्हणाली.

किती माया करते.


१४ फेब्रुवारी

आज झाहिरने चित्र तुतीच्या झाडाखाली नेलं. खोडाला टेकवून ठेवलं आणि गाव गोळा झालं. मी पुष्कळ प्रदर्शनं पाहिली, पण अशी माणसं नाही. चित्रापासून चार बोटांवर नाक आणि तोंडाने अखंड तक्रार.

"ही आमची गच्ची ना? मग पांढरी बकरी कोणाची?"

"तुझीच असेल."

"आमच्याकडे पांढरी बकरी कधी नव्हती. आमच्या घराण्याला पांढरी बकरी लाभत नाही!"

"मशिदीचा कोपरा इकडे कसा आला?"

"बाईंनी सरकवला. मशीद मध्ये येत होती त्यांच्या."

हशा. मीही हसले, पण कान गरम झाले. बकरी मी घातली होती. कोपराही मीच सरकवला होता. चित्राला लागतं ते.

मग खलफान आला. मुझ्नाचा थोरला दीर. सत्तरी ओलांडलेला, ताठ, हातात काठी, दाढी दुधासारखी. तेव्हा काळी होती. माझी पेटी गाढवावर लादून द्यायला तोच यायचा, आणि वाटेत एक शब्द बोलायचा नाही. आजही आधी सलाम केला, तब्येत विचारली, मत्रहच्या उकाड्याची चौकशी केली, आणि मग चित्राकडे काठी केली.

"बाई, बकरी खोटी, मशीद खोटी. मग दारच तेवढं खरं कसं?"

झाहिर उसळला. "काका, बकरी चालते. दार चालत नाही!"

तेवढ्यात दोन म्हातारे पुढे सरसावले. एक म्हणाला, दार होतं, लहानपणी मी त्याला तोंड लावून पाणी प्यायलोय. दुसरा म्हणाला, पांढरा दगड होता तिथे, डोळ्यांसमोर आहे माझ्या. मला हायसं वाटलं. मग दुसऱ्या म्हाताऱ्याची नात म्हणाली, "आजोबा, तुमच्या खोलीत ते कॅलेंडर होतं ना, त्यात पांढरा दगड आहे." म्हातारा तिच्यावर खेकसला.

बारा वर्षांपूर्वी निझवाच्या एका व्यापाऱ्याने हे चित्र कॅलेंडरवर छापलं होतं. गावात घरोघरी ते होतं. वर्ष संपलं तरी कोणी काढलं नाही म्हणे.

पुढच्या शुक्रवारी गावाचा कारभारी हुमैद निवाडा करणार. तो एवढंच म्हणाला, "वही असती तर वहीला विचारलं असतं. आता या बाईंना विचारू. त्या 'होतं' म्हणाल्या तर दार बांधायचं. 'नव्हतं' म्हणाल्या तर नाही. कबूल?" झाहिर कबूल. खलफान जरा थांबून कबूल.

सगळ्या गावाने चित्र पाहिलं. मुझ्नाने नाही. तिचे हात पिठात होते.


१५ फेब्रुवारी

काही केलं नाही. गच्चीवर खजुराच्या चटईवर पडून होते. खाली डाळिंबांना लाल कोंब फुटलेत. पाटाचं पाणी दिसत नाही, नुसतं ऐकू येतं, आणि मधूनच असं वाटतं की तो आवाज पाण्याचा नाही, कोणीतरी शेजारच्या खोलीत हळू बोलतंय आणि माझंच नाव घेतंय. झोप लागली असावी. जाग आली तेव्हा ऊन पायांवरून भिंतीवर गेलेलं.


१७ फेब्रुवारी

सकाळी मुझ्नाच्या पायऱ्यांवर जाऊन आले. कड्याला लागून सात अरुंद पट्टे, एकाखाली एक. वरच्या तीन पट्ट्यांतली लिंबं सुकलीत. फांदी मोडून पाहिली, आत हिरवं नाही. खालची डाळिंबं धुगधुगी धरून आहेत. पाणी खलफानचा सगळा मळा भिजवून, त्याच्या बांधाखालून पाझरत इथे येतं. येईपर्यंत काय उरणार! मसऊद होता तोवर दोघे भाऊ मिळून निभावून नेत होते. तो गेल्यावर बांध होता तिथेच राहिला, फक्त उंच झाला.

एका 'होतं' शब्दाने ही झाडं जगतील. सोपं आहे. आणि मला खरंच आठवतंय.

परतताना खलफान पाटावर भेटला. नव्या बांधकामाच्या ओल्या चुन्यावर गोणपाट घालत होता. बाजूला सरून मला वाट दिली, मग दिली नाही.

"बाई, तुम्ही इथे किती दिवस बसला होतात? तेव्हा?"

"या एका जागी? पाच संध्याकाळ."

"पाच म्हणजे पुष्कळ. नीट बघितलं असेल." काठीने माती उकरत राहिला. "माझ्याही घरात ते कॅलेंडर होतं. अजून आहे. न्याहारीला बसलं की समोर." मग आवाज खाली आणून, इकडेतिकडे बघत : "दार होतं ना तिथे?"

"ते मी शुक्रवारी सांगेन," म्हटलं.

"बरोबर. बरोबर आहे." आणि गेला.

'नव्हतं ना' म्हणायचं होतं बिचाऱ्याला. म्हातारपणी जीभ अशी उलटी वळते.


१८ फेब्रुवारी

हे सावकाश लिहिते.

आज अस्राच्या, तिसऱ्या प्रहरच्या बांगेनंतर पेटी घेऊन तुतीसमोर बसले. म्हटलं, नवं चित्र करू. तीच जागा, तीच वेळ. जुनी फळी शेजारी ठेवली, छाया जुळवून बघाव्यात म्हणून. तुतीची सावली बरोबर होती. लांब, पूर्वेकडे पसरलेली, टोकाला जांभळी. गच्चीची सावली बरोबर. मग तिसऱ्या दाराच्या जागेकडे बघितलं.

तिथे ऊन नव्हतं.

वाट बघितली. ऊन येणारच नव्हतं. दुपार कलली की कडा आपली सावली सगळ्यात आधी त्या कोपऱ्यावर टाकतो. तुतीची सावली एवढी लांब व्हायच्या तासभर आधीच तो कोपरा गार निळा झालेला असतो. तिथे तिरीप पडूच शकत नाही. आजही नाही, चोवीस वर्षांपूर्वीही नाही. कडा काही मशिदीसारखा सरकवलेला नाही मी.

म्हणजे तो पांढरा थेंब मी घातला.

स्वतःशी वाद घातला. थेंब घातला म्हणजे दारही घातलं असं कुठे होतं? दार सावलीत असेल, मी त्यावर ऊन टाकलं असेल. असं मी नेहमी करते. मग ब्रश पांढऱ्यात बुडवला, फळीच्या त्याच कोपऱ्याकडे नेला, आणि हाताला आठवलं. डोक्याला नाही, हाताला. पाचवी संध्याकाळ. कोपरा मेलेला होता, नुसता तपकिरी, आणि मला काही सुचत नव्हतं. मागे मुझ्ना उभी होती, कडेवर झाहिर. माझ्या खांद्यावरून बघत होती. आणि म्हणाली,

"एवढं सगळं काढलंस. मग चित्रात तरी माझ्या वाफ्यांना थोडं पाणी दे की गं."

मी हसले. आणि दिलं. तीन फटकारे, वर पांढऱ्याचा एक थेंब. मुझ्ना टाळ्या वाजवून हसली होती. झाहिरने तेव्हाच कधीतरी निळी नळी उचलली असणार.

मला आठवतो तो ओलेपणा दगडाचा नाही. रंगाचा.


१९ फेब्रुवारी

सकाळी मुझ्ना कहवा भाजत होती. तिच्याशेजारी बसले. कसं विचारावं कळेना, म्हणून सरळ विचारलं.

"मुझ्ना, मी ते चित्र संपवत होते तेव्हा तू मागे उभी होतीस. काहीतरी म्हणाली होतीस. आठवतं?"

ती दाणे हलवत होती. हलवतच राहिली.

"चोवीस वर्षं झाली, रय्या. मला काल काय शिजवलं ते आठवत नाही."

"पाण्याबद्दल काहीतरी."

"म्हातारी झाले गं मी."

दाणे काळे पडले, धूर निघाला, तरी ती हलवतच होती. शेवटी मीच तवा उतरवला. एवढी तरबेज बाई, तिच्या हातून कहवा जळालेला मी पहिल्यांदा बघितला. वय झालं खरं.

तिला आठवत नाही. म्हणजे जगात हे फक्त मला माहीत आहे. हा विचार आला आणि त्याच्या मागोमाग दुसरा आला : मग कोणाला कळणार आहे?

दिवसभर दोन्ही बाजूंनी विचार केला. खलफानकडे पाणी उदंड आहे. मुझ्नाची झाडं मरताहेत. दोन म्हाताऱ्यांना दार आठवतंय. त्यांच्यापुरतं ते खरंच आहे. मी 'होतं' म्हटलं तर गावात एकाही माणसाचं वाईट होणार नाही. आणि 'नव्हतं' म्हटलं तर सिहामच्या भिंतीवरची सगळीच्या सगळी चित्रं खोटी पडतील. माझी सगळी तिशी खोटी पडेल.

झाहिर जेवताना म्हणाला, "मावशी, शुक्रवारनंतर आई पुन्हा लिंबं लावणार." मुझ्ना म्हणाली, "गप जेव."


२१ फेब्रुवारी, शुक्रवार

नमाजानंतर सगळे तुतीखाली जमले. पुरुष चटयांवर, बायका पाटाच्या कडेला. मुझ्ना बायकांच्या शेवटी, भिंतीला टेकून. हुमैदने मला स्वतःशेजारी बसवलं आणि तीन पेले कहवा पाजला. तिसरा संपल्यावर विचारलं :

"बाई, सांगा. तिसरं दार होतं की नव्हतं?"

मी रात्री वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही तोंडात आलं नाही.

"बकरी नव्हती," मी म्हटलं. कोणीतरी हसलं. "मशीद इथे नव्हती. आणि दारही नव्हतं. तो कोपरा मला रिकामा वाटत होता, म्हणून मी तिथे पाणी काढलं."

 पाट तेवढा वाहत होता.

"मावशी!" झाहिर उभा राहिला. "फोनवर काय म्हणाला होतात? ओला दगड आठवतो म्हणाला होतात!"

"आठवत होता. चूक आठवत होता."

"काकांनी काय दिलं तुम्हाला?"

"झाहिर!" हा आवाज हुमैदचा. पण त्याच्याआधी खलफानने मान वर केली होती. मला वाटलं होतं त्याचा चेहरा उजळेल. जिंकला होता तो. पण तो माझ्याकडे असा बघत होता की जणू मी त्याच्या हातातली काठी काढून घेतली. तोंड अर्धवट उघडं. "नव्हतं?" त्याने विचारलं. "नक्की? कधीच?"

"नक्की."

पहिला म्हातारा पुटपुटला, "पण मी पाणी प्यायलोय तिथे." त्याची मला सगळ्यांत दया आली.

हुमैद म्हणाला, "दोन दारं. विषय संपला." आणि मला म्हणाला, "बाई, स्वतःच्याच कामाविरुद्ध साक्ष द्यायची म्हणजे सोपं नाही." बरं वाटायला हवं होतं. मुझ्ना जिथे बसली होती तिकडे बघितलं, तर नुसती भिंत.


२२ फेब्रुवारी

मुझ्नाने न्याहारी ठेवली. भाकरी, मध. शब्द नाही.

सिहामला फोन करून सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग : "ताई, पत्रिका छापायला गेल्यात. आता प्रदर्शनाचं नाव काय ठेवू?"

"माहीत नाही. हे नको एवढंच माहीत आहे."

"लोक विचारतील, मग यातलं खरं काय?"

"तुती खरी आहे," मी म्हटलं. तिने फोन ठेवला.


२४ फेब्रुवारी

झाहिर खाली निझवाला निघून गेला. माझ्या परतीच्या गाडीची सोय हुमैद करणार आहे, परवा.

मुझ्ना बोलत नाही. वाढते, पाणी भरते, माझं अंथरूण घालते, उन्हात वाळलेली माझी शालसुद्धा घडी करून ठेवते. बोलत मात्र नाही. काल मी म्हटलं, "मी खोटं बोलायला हवं होतं का?" तिने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला समजलं असतं. राग नव्हता. तोंड लपवायला जागा शोधणाऱ्या माणसासारखी बघत होती. तिला कसली लाज? लाज मला वाटायला हवी.

दुपारी एक छोटी फळी केली. तो कोपरा, जसा आहे तसा. सावली, तपकिरी दगड, पाणी नाही. काही घातलं नाही. वाईट नाही झाली. चांगली झाली, असं लिहायला भीती वाटते.


२५ फेब्रुवारी

उद्या निघायचं होतं. आता दोन दिवस राहणार आहे. का ते लिहिते.

पहाटेचं अजून पांढरं फुटत होतं. पाण्याची पाळी खलफानची होती. मी पेटी घेऊन कड्याकडे निघाले, तर मुझ्ना माझ्या आधीच तिच्या पायऱ्यांवर उभी. सुकलेल्या लिंबाच्या काटक्या मोडत होती.  धुकं नव्हतं, पण सगळं धुक्यात असल्यासारखं दिसत होतं. डाळिंबं, भिंती, पलीकडच्या बांधावर चढणारा माणूस.

तो खलफान होता. काठी नव्हती, खांद्यावर फावडं होतं. आमच्याकडे न बघता तो आपल्याच बांधाच्या वरच्या टोकाला गेला आणि बांध फोडायला लागला. सत्तरी ओलांडलेला माणूस. एकेक ढेकूळ हाताने उचलून बाजूला ठेवत होता, जसा कोणी दुसऱ्याच्या घराची वीट ठेवेल. मग पाणी आलं. आधी जिभेएवढं, मग हातभर. मुझ्नाच्या सर्वांत वरच्या पट्ट्यात उतरलं आणि भेगाळलेल्या मातीत आवाज करत शिरू लागलं.

"हे काय, भाऊजी?" मुझ्ना म्हणाली. दोन वर्षांत ती त्याच्याशी थेट बोलली नव्हती म्हणे.

"माझी पाळी आहे. यापुढे दर पाळीला निम्मं आधी इकडे."

"मला भीक नको."

"भीक नाही, मुझ्ना. दंड आहे."

"कसला दंड? निवाडा तुमच्या बाजूने झालाय. तुम्ही खरंच बोलला होतात."

खलफानने फावडं जमिनीत रोवलं. दम लागला होता त्याला.

"खरं निघालं," तो म्हणाला. "मी खरं बोललो नव्हतो. बारा वर्षं रोज सकाळी ते दार बघत होतो मी, मुझ्ना, आणि तरी नव्हतं म्हणालो."

हे वाक्य मी तसंच्या तसं लिहून ठेवतेय, कारण मला ते अजून पुरतं उमगलेलं नाही. दार नव्हतं. तो नव्हतं म्हणाला. मग खोटं कुठे? पण मुझ्नाला उमगलं असावं. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. हातातल्या काटक्या एकेक करून खाली पडल्या.

"मग आपण दोघं सारखेच," ती म्हणाली.

खलफानने मान वर केली. काय सारखे, हे त्याने विचारलं नाही. मीही विचारलं नाही. दोघांच्या मधून पाणी चाललं होतं, आणि त्यात आभाळाचा पहिला गुलाबी तुकडा उतरला होता. मला पेटी उघडावीशी वाटली नाही.

पाणी दुसऱ्या पट्ट्याच्या कडेला आलं आणि वाया जायला लागलं. मुझ्नाने साडेतीन दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे तोंड केलं.

"रय्या, अशी उभी काय राहिलीस? भिंतीशी दुसरं फावडं आहे, ते घे. त्या टोकाला दार मोड, पाणी खाली वळव, नाहीतर सगळं कड्याला जाईल."

मी चप्पल काढली आणि उतरले. पाणी इतकं गार होतं की श्वास अडकला. दार मोडायला मला येत नव्हतं. तीनदा चुकीच्या जागी माती ओढली. मुझ्ना ओरडली, खलफान हसला, आणि चौथ्यांदा पाणी वळलं.

आज चित्र नाही. हाताला फोड आलेत.